कयाकला फिशफाइंडरचा ट्रान्सड्यूसर बसवताना: आधी पाण्यात चाचणी, मग चिकटवणं, ड्रिल सगळ्यात शेवटी

फिशफाइंडर, म्हणजे पाण्याची खोली आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, घरी आला की त्याच संध्याकाळी ड्रिल बाहेर निघतं. डेकला भोक पडतं, बुडाला आतून सिलिकॉन फासलं जातं, ट्रान्सड्यूसर त्यात दाबला जातो. रविवारी खाडीत गेल्यावर खोलीचा आकडा कधी येतो, कधी गायब होतो आणि दोष यंत्राला लागतो. बहुतेक वेळा यंत्र ठणठणीत असतं. चूक झालेली असते ती ट्रान्सड्यूसर आणि पाणी यांच्यामधल्या काही मिलिमीटरांत, आणि त्याहून जास्त कामाच्या क्रमात.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. ट्रान्सड्यूसर आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली पाठवतो आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतो. हा आवाज पाण्यातून आणि एकसंध प्लास्टिकमधून बऱ्यापैकी जातो, पण हवेचा कागदाएवढा पातळ थर लागला तरी जवळजवळ सगळा मागे फिरतो. सोनोग्राफी करताना डॉक्टर पोटावर जेल लावतात ते याच कारणासाठी. खालचे बहुतेक टप्पे आवाजाच्या वाटेतली हवा काढण्यासाठी आहेत, आणि त्यांचा क्रम बदलला की हवा कुठून तरी शिरतेच.

कोकणात आणि गोव्यात कयाकवरून गरवणारे बहुतेक जण पॉलिइथिलीन या प्लास्टिकची, वर बसायची कयाक वापरतात, म्हणून तीच समोर ठेवून लिहितो आहे.

## टप्पा १: आतून बसवणं तुमच्या कयाकला चालेल का?

ट्रान्सड्यूसर कयाकच्या पोटात ठेवायचा, बुडाच्या प्लास्टिकला आतून टेकवायचा आणि आवाज प्लास्टिकमधून आरपार सोडायचा, ही पद्धत मला आपल्या किनाऱ्यासाठी सर्वांत भरवशाची वाटते. पुळणीवरून ओढताना, कालवं लागलेल्या खडकाला घासताना, कांदळवनाच्या मुळांतून वाट काढताना बाहेर काही लटकत नाही. बुडाला भोकही पडत नाही.

पण ती सगळीकडे चालत नाही. आधी हे पाहा:

- कयाकचा थर. एकाच थराचं घट्ट पॉलिइथिलीन किंवा घट्ट फायबरग्लास असेल तर चालतं. काही कयाकच्या भिंतीत दोन थरांमध्ये फोम असतो. फोम म्हणजे कोंडलेली हवा, तिथे आतून काही दिसणार नाही. हॅचच्या, म्हणजे कयाकच्या पोटात हात घालायच्या झाकणाच्या तोंडाच्या, कापलेल्या कडेला टॉर्च मारून पाहा, थर दिसतात. हवा भरायच्या कयाकला तर ही पद्धत लागूच नाही.
- ट्रान्सड्यूसरचा प्रकार. ८३ किंवा २०० किलोहर्ट्झचा साधा सोनार आणि त्या पट्ट्यातला चर्प (एकाच ठोक्यात अनेक फ्रिक्वेन्सी पाठवणारा सोनार) आतून चालतो. ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झवर चालणारं डाउन इमेजिंग (खालच्या तळाचं बारकाईचं चित्र) आतून अंधुक येतं आणि साइड इमेजिंग (दोन्ही बाजूंच्या तळाचं चित्र) धरूच नका. त्यासाठीच जास्त पैसे मोजले असतील तर थेट शेवटच्या भागातल्या दांड्याकडे जा.
- तापमान. ट्रान्सड्यूसरमधला तापमापक आतून बसवल्यावर पाण्याचं नव्हे, बुडाच्या प्लास्टिकचं तापमान दाखवतो. उन्हात उभ्या कयाकमध्ये तो आकडा चढलेला असतो आणि पाण्यात हळूहळू उतरतो. त्यावर विसंबू नका.

## टप्पा २: सामान आधी, काम नंतर

अर्ध्यावर सामान आणायला उठलं की सुकायला लागलेल्या सिलिकॉनमध्ये ट्रान्सड्यूसर दाबला जातो. म्हणून हे सगळं समोर मांडा: २५ मिलिमीटर जाडीचा ईव्हीए फोमचा तुकडा, डक्ट सील नावाची कधीच न सुकणारी पुट्टी, फोम चिकटवण्यासाठी प्लास्टिकला चालणारं लवचीक मरीन ॲडहेसिव्ह, ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती फडकी, पाणसळ, मास्किंग टेप, टॉर्च, केबल ग्लँड (केबलच्या भोकातून पाणी शिरू न देणारी टोपी), ३१६ ग्रेडचे स्टेनलेस बोल्ट आणि मोठे वॉशर, फ्यूज होल्डर, श्रिंक स्लीव्ह, मल्टीमीटर. शिवाय शिशाचं वजन बांधलेली आणि दर मीटरला खूण केलेली दोरी. ती दोरी वगळू नका, यंत्र खरं बोलतंय की नाही हे तीच सांगणार आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कयाकचं प्लास्टिक म्हणजे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचंच प्लास्टिक, दोन्ही रोटोमोल्डिंगने (तापता साचा फिरवून) घडवलेलं पॉलिइथिलीन. त्याला साधी इपॉक्सी, एम-सीलसारखी पुट्टी किंवा झटपट चिकटणारा गोंद धरून राहत नाही. दोन दिवस घट्ट वाटतं, मग ऊन लागून बूड फुगतं, रात्री आकसतं आणि कडक झालेला थर सालीसारखा सुटतो. सुटतो तोही मधून. वरून ट्रान्सड्यूसर जागच्या जागी दिसतो, खाली मात्र हवा शिरलेली असते. म्हणून मी ट्रान्सड्यूसर थेट चिकटवत नाही. फोमचा खाचा त्याला जागेवर धरतो आणि मऊ पुट्टी आवाज पुढे नेते. दोन कामांसाठी दोन वस्तू. ट्रान्सड्यूसर बदलायचा झाला तरी तो सुखरूप निघतो.

## टप्पा ३: जागा ठरवणं

सर्वांत जास्त वेळ इथे द्या.

हॅचमधून हात आत घाला आणि बूड चाचपा. तळहाताएवढा सपाट भाग हवा, ज्यावर उठलेली रेघ, कंपनीचा ठसा किंवा मजबुतीसाठी काढलेली घडी नसेल. मग कयाक उलटी करून त्याच जागेची बाहेरची बाजू पाहा. हे बहुतेक जण विसरतात. पुष्कळ कयाकच्या बुडाला लांबीच्या दिशेने पन्हळ असते. वल्हवायला लागलं की पुढून आलेले बुडबुडे या पन्हळीत अडकून मागपर्यंत घसरत जातात. आतून कितीही सुरेख बसवलं तरी बाहेर हवा असेल तर आकडा जाणारच.

स्कपरच्या, म्हणजे डेकवरचं पाणी निथळण्यासाठी बुडातून आरपार असलेल्या भोकांमागची सरळ रेषाही टाळा. चालत्या कयाकमध्ये त्या भोकांतून हवा आणि पाणी एकत्र खाली ढवळलं जातं. पेडलची कयाक असेल तर पंख किंवा पंख्याच्या मागे ट्रान्सड्यूसर नको, पुढे किंवा बाजूला घ्या. कयाकच्या अगदी पुढच्या टोकालाही नको, कारण लाटेवर ते टोक पाण्याबाहेर उचलतं. सहसा सीटच्या थोडं पुढे किंवा अगदी मागे, मधल्या रेषेच्या किंचित बाजूला जागा सापडते.

आता पाणसळ. कयाक जमिनीवर ठेवून पाहिलेली पातळी उपयोगाची नाही, कारण तुम्ही बसल्यावर मागचं टोक दबतं. कयाक उथळ पाण्यात न्या, नेहमीचं सामान लादा, स्वतः बसा आणि निवडलेल्या जागेवर पाणसळ ठेवायला दुसऱ्याला सांगा. ट्रान्सड्यूसरचा तोंडाचा भाग पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर हवा. दोन-चार अंशांनी बिघडत नाही. दहा अंश कललं तर खोलीच्या आकड्यात तुम्हाला फरक जाणवणारही नाही, पण १० मीटर खोलीला दिसलेला खडक प्रत्यक्षात तुमच्या खाली नसून सुमारे पावणेदोन मीटर बाजूला असेल. उभ्या दोरीने गरवताना गळ सतत रिकामा का येतो, याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं.

तपासणी: ठरलेल्या जागेपासून यंत्राच्या जागेपर्यंत केबल सैल टाकून पाहा. पुरते का? ट्रान्सड्यूसरची केबल कापून जोडायची नसते. आत जाळीचं आवरण असलेल्या बारीक तारा असतात आणि घरगुती जोडाने सिग्नल बिघडतो. कमी पडली तर कंपनीची वाढीव केबल घ्या, उरली तर गुंडाळून ठेवा.

## टप्पा ४: न चिकटवता पाण्यात चाचणी

हा टप्पा वगळू नका. चिकटवल्यानंतर जे कळणार आहे ते आत्ताच, फुकट कळतं.

भांगाचा दिवस निवडा, म्हणजे खाडीत ओढ कमी असते, आणि भरती-ओहोटी थांबते त्या वेळी पाण्यात उतरा. सोबत कोणीतरी असू द्या, लाइफ जॅकेट घाला. उघड्या हॅचने खोल पाण्यात किंवा वाऱ्यात जायचं नाही, किनाऱ्याजवळ तीन-चार मीटर पाणी पुरतं.

कयाकच्या आत निवडलेल्या जागी तांब्याभर पाणी ओता. बूड भिजून दीड-दोन सेंटिमीटर पाणी साठलं की त्यात ट्रान्सड्यूसर आडवा ठेवा आणि बोटांनी हलकेच घोळवून खालचे बुडबुडे काढून टाका. पाणी पसरून जात असेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत पाणी आणि ट्रान्सड्यूसर दोन्ही घालून पिशवी त्या जागी दाबा, मात्र पिशवीच्या खालची बाजूही ओली करा.

आधी ट्रान्सड्यूसर बाहेर, बाजूने थेट पाण्यात धरून चित्र पाहा. मग आतून पाहा. दोन्ही ठिकाणी खोलीचा आकडा जवळपास सारखा यायला हवा आणि शिशाच्या दोरीशी जुळायला हवा. आतलं चित्र थोडं फिकट असणार, ते ठीक आहे. संवेदनशीलता एक-दोन पायऱ्या वाढवून तळाची रेघ सलग दिसली पाहिजे. मग नेहमीच्या वेगाने वल्हवा. थांबल्यावर आकडा नीट आणि चालताना गायब, तर जागा चुकली आहे, बाहेर बुडबुडे आहेत. वीतभर सरकवून पुन्हा पाहा.

चाचणी फक्त खडकावर किंवा वाळूवर करून समाधान मानू नका. वाशिष्ठी, शास्त्री, कर्लीसारख्या खाड्यांत मऊ गाळाचे मोठे पट्टे आहेत. गाळ आवाज शोषतो, प्रतिध्वनी क्षीण येतो. खडकावर उत्तम चालणारी जागा गाळावर अपुरी पडू शकते, आणि जिताडा माशामागे जाणाऱ्याला तर गाळाच्या कडाच पाहायच्या असतात.

तपासणी: गाळावर, चालत्या कयाकमध्ये, सलग तळरेघ मिळाली का? मिळाली तरच त्या जागेभोवती मार्करने खूण करा. ट्रान्सड्यूसरचं कुठलं टोक कयाकच्या पुढच्या बाजूला होतं तेही बाणाने दाखवा. मग आतलं पाणी पुसून घ्या.

## टप्पा ५: पृष्ठभाग तयार करणं

रोटोमोल्डिंगच्या कयाकमध्ये आत कारखान्यातली प्लास्टिकची भुकटी आणि कापलेल्या कडांची कात्रणं पडलेली असतात. त्यात तुमच्या आजवरच्या वाळूची भर. सगळं काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने मीठ उतरवा आणि पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो तेव्हा हे काम करायला निवांत वेळ मिळतो खरा, पण त्या हवेत आतला भाग वाळायला एखादा दिवस जातो. पंखा लावून हॅच उघडं ठेवा.

खूण केलेल्या जागेवर आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर गोलाकार फिरवा. बारीक उंचवटे आणि खाचा जायला हव्यात, कारण प्रत्येक खाच हवेचा खिसा आहे. मग १२० नंबर. बूड पातळ करायचं नाही, फक्त सारखं करायचं आहे. भुकटी पुसा, अल्कोहोलने पुसा, फडकं बदलून पुन्हा पुसा. ट्रान्सड्यूसरचं तोंड मात्र घासू नका, तिथे फक्त सौम्य साबणाचं पाणी.

इशारा: पॉलिइथिलीनवरून ज्योत झरकन फिरवली की चिकटण्याची ताकद वाढते, हे खरं आहे आणि दुरुस्ती करणारे तसं करतातही. पण ते उघड्या पृष्ठभागावर. हॅचच्या आत, अल्कोहोलची वाफ साठलेली असताना ज्योत नेणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे. आत ज्योत न्यायची नाही.

## टप्पा ६: फोमचा खाचा आणि पुट्टी

फोमचा तुकडा ट्रान्सड्यूसरपेक्षा चारही बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर मोठा कापा. मधोमध ट्रान्सड्यूसरचा आकार आखून आरपार कापा, आखलेल्या रेषेच्या किंचित आतून, म्हणजे तो घट्ट बसेल. केबल बाहेर पडते त्या बाजूला खोबण ठेवा. हॅचमधून तो तुकडा आत जातो ना, हे ॲडहेसिव्ह लावण्याआधी पाहा. मोठा असेल तर दोन अर्ध्या भागांत करा.

फोमच्या खालच्या बाजूला ॲडहेसिव्ह लावा, खाचाच्या कडेपासून एक सेंटिमीटर सोडून. नाही तर दाबल्यावर ते आत पसरतं आणि नेमकं ट्रान्सड्यूसरच्या खाली गोठतं. फोम दाबून बसवा, वर वाळूची पिशवी ठेवा, ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण होऊ द्या. आत वाफ साठते, हॅच उघडंच राहू द्या आणि डोकं आत घालून बसू नका.

आता पुट्टी. ती हातात चांगली मळा, थंड असेल तर उन्हात धरा. मळताना घड्या घालू नका, घडीत हवा राहते. लाडवासारखा गोळा करून तो खाचाच्या मधोमध ठेवा. वरून चपटा नको, मध्ये उंच हवा. ट्रान्सड्यूसर सरळ खाली आणून त्याचा मध्य आधी टेकवा आणि डावी-उजवीकडे हलकेच वळवत दाबा. अशाने पुट्टी मधून कडेकडे सरकते आणि हवा तिच्यापुढे बाहेर ढकलली जाते. सपाट थरावर सपाट तोंड ठेवलं तर हवा मध्येच कोंडते, बहुतेकांची फसगत इथेच होते. चारही बाजूंनी पुट्टीची कड सारखी बाहेर आली की थांबा. ट्रान्सड्यूसर आणि बूड यांच्यामध्ये थर जितका पातळ तितका चांगला, दोन-तीन मिलिमीटर पुरे.

इशारा: दाबल्यावर "नीट बसलं का" म्हणून उचलून पाहू नका. उचललं की हवा शिरली. उचललाच तर सगळी पुट्टी खरवडून काढा आणि नव्या गोळ्याने सुरुवात करा.

पुट्टी मिळाली नाही तर सिलिकॉनही चालतं, गोळ्याची आणि वळवण्याची रीत तीच. पण सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, आणि मोठ्या ट्रान्सड्यूसरखाली मधल्या भागापर्यंत ओलावा पोचायला बरेच दिवस लागतात. कड कोरडी लागली म्हणून दुसऱ्या दिवशी कयाक गाडीवर टाकू नका. व्हॅसलीन भरण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. थंड प्रदेशात ते चालत असेल, इथे मे महिन्यात उन्हात उभ्या कयाकच्या पोटात ते पातळ होऊन वाहून जातं आणि मागे हवा राहते.

तपासणी: ड्रिल अजून बाजूलाच. केबल हॅचमधून वर घेऊन यंत्र जोडा, पुन्हा उथळ पाण्यात जा. टप्पा ४ मध्ये मिळालेलं चित्र मिळालं? मग पुढे.

## टप्पा ७: यंत्राची जागा, केबल आणि भोक

कयाक जमिनीवर ठेवून सीटवर बसा, वल्हं हातात घ्या आणि दहा-वीस वेळा जोरात वल्हवल्यासारखं करा. मासा ओढून घेताना हात कुठून येतो, पाण्यात पडल्यावर परत चढताना पोट कुठे घासतं, तेही करून पाहा. या सगळ्यातून सुटलेली आणि हात न ताणता पोचणारी जागा म्हणजे यंत्राची जागा. कयाकला रेल असेल तर यंत्राचा स्टँड रेलवरच बसवा, एक भोक वाचतं.

केबलसाठी मात्र एक भोक लागतं. ते डेकच्या सपाट भागावर नको, तिथे पाणी साचतं. उभ्या किंवा उतरत्या भिंतीवर घ्या. आत हात घालून मागे काय आहे ते चाचपा. भोकाचा व्यास केबलवर नव्हे, तिच्या टोकाच्या कनेक्टरवर ठरतो, तो आरपार जायला हवा. ग्लँडचा आकारही त्यावरूनच घ्या.

जागेवर मास्किंग टेप लावा आणि तिच्यावर मध्य आखा. स्टेप ड्रिल कमी वेगाने चालवा. वेग वाढला की पॉलिइथिलीन कापलं न जाता वितळतं आणि पात्याला गुंडाळतं. आत फडकं धरा, कात्रणं ट्रान्सड्यूसरजवळ पडायला नकोत. कड ब्लेडने साफ करा. ग्लँडखाली ब्यूटाइल टेप किंवा न्यूट्रल सिलिकॉन लावून नट आवळा. सीलंट इथे चिकटत नाही, दाबाखाली वॉशरचं काम करतं. म्हणूनच मागे मोठा वॉशर लागतो. पत्र्याचे स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये फिरवू नका, काही फेऱ्यांतच भोक सैल होतं. आरपार बोल्ट किंवा रबरी वेल-नट (आवळल्यावर आत फुगणारा नट) वापरा.

भोकात शिरण्याआधी केबलला खालच्या बाजूने वळसा द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी वळशाच्या तळाशी ठिबकेल, आत जाणार नाही. आतली उरलेली केबल सैल आठच्या आकड्यात गुंडाळून बांधा. इलेक्ट्रिक मोटर असेल तर तिच्या जाड तारांपासून ही केबल दूर न्या, नाही तर पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडतो.

## टप्पा ८: बॅटरी

पाच इंचांपर्यंतच्या पडद्याची यंत्रं साधारण अर्धा अँपिअर घेतात. आठ तासांना ४ अँपिअर-तास झाले. १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली वारंवार उतरवली की लवकर मरते, शिवाय तिचं वजन दोन किलोच्या आसपास. त्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी त्याच्या निम्म्याहून हलकी आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते, फक्त तिला तिचाच चार्जर लागतो.

फ्यूज धन टोकाजवळ, बॅटरीपासून वीतभराच्या आत. यंत्राजवळ बसवलेला फ्यूज मधल्या तारेचं रक्षण करत नाही. बहुतेक लहान यंत्रांना ३ अँपिअरचा चालतो, पण माहितीपत्रकातला आकडाच धरा. जोड सोल्डर करून श्रिंक स्लीव्हने बंद करा. यंत्र जोडण्याआधी मल्टीमीटरने धन-ऋण तपासा. बॅटरी बंद डब्यात, तळाशी, मधोमध आणि पट्ट्याने घट्ट बांधलेली हवी, कारण उलटलेल्या कयाकमध्ये सुटी बॅटरी हातोड्यासारखी आदळते. चार्जिंगसाठी ती बाहेर काढा. शिशाची बॅटरी बंद डब्यात कधीही चार्ज करायची नाही.

## टप्पा ९: गळती आणि खोलीची अंतिम तपासणी

घरीच ग्लँडवर आणि बोल्टवर पाइपने पाच मिनिटं पाणी सोडा, आत टॉर्चने पाहा. मग किनाऱ्याजवळ अर्धा तास तरंगत ठेवून स्पंजने आत पुसा. स्पंज ओला आला तर मूळ सापडेपर्यंत खोल पाण्यात जायचं नाही.

पाण्याचा प्रकार यंत्रात निवडा. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५३० मीटर जातो, गोड्या पाण्यात १५०० च्या आसपास. धरणावरून समुद्रावर आल्यावर निवड बदलली नाही तर २० मीटरला अर्ध्या मीटरच्या आसपास चूक होते. मग शिशाची दोरी सोडा आणि दोन-तीन खोलींवर आकडा ताडून पाहा. लक्षात ठेवा, २० अंशांचा सोनार तळावर खोलीच्या साधारण एक तृतीयांश व्यासाचं वर्तुळ पाहतो. १० मीटरला साडेतीन मीटर. उतारावर दोरी आणि यंत्र थोडं वेगळं सांगतील, सपाट तळावर नाही.

## चित्र बिघडलं तर

थांबल्यावर ठीक, चालताना गायब: बाहेरचे बुडबुडे, जागा बदला. सतत फिकट आणि गाळावर नाहीसं: पुट्टीखाली हवा, काढून पुन्हा बसवा. सुरुवातीला उत्तम आणि काही आठवड्यांनी क्षीण: थर सुटला आहे, ऊन किंवा ओढाताण पाहा. मीटरभर पाण्यात दुप्पट खोली: यंत्र दुसरा प्रतिध्वनी धरतं आहे, संवेदनशीलता कमी करा. पडद्याच्या वरच्या भागात जाड पट्टा थोडाफार राहणारच. तो एक मीटरच्या खाली पसरला तर संवेदनशीलता गरजेपेक्षा जास्त आहे.

## आतून जमत नसेल तर

स्कपरमधून. काही कयाकमध्ये ट्रान्सड्यूसरसाठी बुडाला घडवलेला खळगा येतो. तो असेल तर सरळ तोच वापरा. साध्या स्कपरच्या भोकात बसवायचं असेल तर दोन अटी: ट्रान्सड्यूसर बुडाच्या पातळीखाली उतरता कामा नये, आणि भोकाची कड त्याच्या तोंडाआड येता कामा नये. बोल्ट जोरात आवळू नका. स्कपरची नळी हा वर बसायच्या कयाकचा सर्वांत नाजूक भाग आहे, तिथली चीर लवकर दिसत नाही आणि दुरुस्त करणं अवघड असतं. त्या भोकात ट्रॉलीचा खुंटा पुन्हा घालायचा नाही.

दांड्यावर. डाउन आणि साइड इमेजिंगसाठी हाच मार्ग. दांडा रेलवर बसवा, ट्रान्सड्यूसर बुडाच्या खाली पाच-सात सेंटिमीटर उतरू द्या, नाही तर साइड इमेजिंगच्या एका बाजूला कयाकचीच सावली पडते. ज्या हाताला मासा घेता त्याच्या विरुद्ध बाजू निवडा, दोरी अडकत नाही. सांध्याचा बोल्ट इतकाच आवळा की खडकाला लागल्यावर दांडा मागे झुकेल, मोडणार नाही. ट्रान्सड्यूसरला वेगळी सुरक्षादोरी बांधा. उथळ पाण्यात आणि किनाऱ्याला लागताना दांडा वर घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

बसवून झाल्यावर पहिल्या काही फेऱ्यांनंतर फोमची कड बोटाने चाचपा आणि पुट्टी पुन्हा एकदा वरून दाबा. गाडीच्या टपावर कयाक बांधताना पट्टा ट्रान्सड्यूसरच्या नेमक्या वर किंवा खाली येऊ देऊ नका. तिथे बूड दबलं की पुट्टी सरकते. घरी आल्यावर ग्लँड आणि कनेक्टर गोड्या पाण्याने धुवा, कनेक्टर कोरडा करून टोपण लावा, आणि कयाक उभी ठेवायची तर सावलीत, हॅच किंचित उघडं ठेवून.